पाहुणे फिलाडेल्फियाला

निघण्याआधी बूट बदला. मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवर चिखल असतो, आणि ट्रामगाड्या घोडे ओढत असल्यामुळे चिखलाखेरीज आणखीही बरंच काही असतं. कोट जाड घ्या. फोन घरीच ठेवा. दिशा ओळखायला सिटी हॉलच्या शिखरावरचा विल्यम पेनचा पुतळा शोधू नका, तो 1894 साली वर चढणार आहे. तूर्तास 1871 पासून चाललेलं बांधकामच तेवढं दिसेल. भूक लागली म्हणून रीडिंग टर्मिनल मार्केटची चौकशी केलीत तर लोक तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघतील, कारण ते उघडायला अजून सात वर्षं आहेत.

आणि एक पथ्य. तुम्हाला पुढचं सगळं माहीत आहे. ते तोंडातून निघता कामा नये.

गावाच्या उत्तरेकडे चला. नॉर्थ कॉलेज अव्हेन्यू जिथे एकविसाव्या रस्त्याला मिळतो तिथे विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाची इमारत आहे. संस्था 1850 सालची. बायकांना डॉक्टर करायचं म्हणून काढलेलं हे कॉलेज आणि शहरातल्या पुरुष डॉक्टरांना ते पचायला जड गेलेलं. 1869 मध्ये इथल्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये व्याख्यानाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुल्लडबाजी करून त्यांची छी-थू केली होती. आता ते जरा निवलंय. दारातून बायका आत-बाहेर करताहेत, हातात वह्या, चेहऱ्यावर शेवटच्या परीक्षेनंतरचा तो रिकामेपणा.

त्यांच्यात एक साडी दिसेल. गुजराती पद्धतीनं नेसलेली, कारण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि इथल्या थंडीत ते परवडत नाही. आनंदीबाई जोशी. वीस वर्षांची, या महिन्याच्या 31 तारखेला एकवीस पुरी होतील. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. ती बुटकीशी, जराशी स्थूल मुलगी खोकते. तुम्ही वैद्यकातलं काही जाणत नसलात तरी तो खोकला तुम्हाला आवडणार नाही. इथे आल्यावर तिला घटसर्प होऊन गेला. राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी अशी, की पेटवली तर धूर, न पेटवली तर हाडं गोठवणारा गारठा. कोणता त्रास घ्यायचा एवढंच तिच्या हातात होतं. तीन वर्षांची शिष्यवृत्ती 600 डॉलरची. त्यात चांगली शेगडी बसत नाही.

तिच्याकडे पाहुणे आलेत. तुम्ही त्यासाठीच आला आहात.

परदेशात शिकलेल्या कुणालाही विचारा: घरचे येणार म्हटल्यावर आधी आनंदानं डोळ्यांत पाणी येतं आणि पाच मिनिटांनी पोटात गोळा. राहणार कुठे, खाणार काय, आणि मुख्य म्हणजे, मी इथे जी कुणी झाले आहे ती त्यांना चालेल का? तुमचे आईबाबा येतात तेव्हा तेवीस-तेवीस किलोच्या बॅगांमध्ये भाजणी, मेतकूट, लोणच्याची बरणी आणि नातेवाइकांचे निरोप भरून आणतात. शेवटची वस्तू सगळ्यात जड. हे ओझं 1886 मध्येही तितकंच भरतं. फरक इतकाच, की कल्याणहून पत्र यायला इथे महिन्याहून जास्त लागतो आणि ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही आज लिहिता, तो प्रश्न विचारणारा तोवर विसरलेला असतो.

पाहुण्यांना भेटण्याआधी मला तुम्हाला मागे, जून 1883 मध्ये, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर न्यायचं आहे. फार वेळ लागणार नाही. 7 एप्रिलला कलकत्त्याहून सुटलेली ही मुलगी 4 जूनला उतरते. बरोबर नवरा नाही, भाऊ नाही, दीर नाही. धक्क्यावर थिओडिशिया कार्पेंटर नावाची गोरी बाई उभी आहे. या बाईनं कधीतरी दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येईपर्यंत एक मिशनरी मासिक चाळलं, त्यात एका हिंदू गृहस्थानं बायकोच्या शिक्षणाबद्दल लिहिलेलं पत्र वाचलं, आणि पत्ता शोधून लिहायला सुरुवात केली. आनंदी तिला मावशी म्हणते. बाई तिला न्यू जर्सीतल्या रोझेल गावी आपल्या घरी नेते.

रोझेलला संध्याकाळी बाहेर पडा आणि मान वर करा. खांबांवरून तारा गेल्यात आणि त्यांना दिवे लटकलेत. एडिसननं याच वर्षी 19 जानेवारीला या खेड्यात वरून तारा टाकून विजेचे दिवे लावले. अख्खं गाव अशा दिव्यांनी उजळण्याची जगातली ही पहिली वेळ. कल्याणला रॉकेलची चिमणी, आणि ही पोर उतरली ती थेट या उजेडात! कॉलेज सुरू होईपर्यंत ती इथेच राहते आणि पुढेही सुट्टी म्हटलं की तिला हेच घर. रक्ताचं नातं नसलेल्या माणसांकडे परदेशी विद्यार्थ्याला जी सुट्टी मिळते, ती फार सुखाची असते. तिथे कुणी तुम्हाला लहानपणापासून ओळखत नसतं. तुम्ही आज जे आहात तेच खरं.

आता परत मार्च 1886. दार वाजवा.

पहिले पाहुणे स्वतःला पाहुणे म्हणवून घेणार नाहीत, कारण ते घरचे धनी आहेत. गोपाळराव जोशी. पोस्टातले कारकून, बायकोपेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, गेल्या वर्षी, म्हणजे 1885 मध्ये, अमेरिकेत आलेले. त्यांच्याविषयी तुमचं मत आधीच झालेलं असेल, पण ते जरा बाजूला ठेवून बसा. या माणसानं नऊ वर्षांच्या बायकोला शिकवायला घेतलं, ती अभ्यासाऐवजी स्वयंपाकात रमलेली दिसली की मारलं, आणि त्याच माणसानं अठराव्या वर्षी तिला एकटीला समुद्रापार धाडलं. तेव्हा असं करणारा दुसरा नवरा शोधून सापडला नसता. तो काळ, ते पुणे, ते कल्याण डोळ्यासमोर आणा. धाडस कमी नव्हतं.

पण जिला त्यांनी धाडलं ती आता इथे नाही. तीन वर्षांत तिनं प्रेतं फाडली, बाळंतपणं पाहिली, ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ या विषयावर प्रबंध लिहिला. जपानची केई ओकामी आणि सिरियाची सबात इस्लामबुली या दोघींबरोबर तिनं गेल्या ऑक्टोबरमध्ये फोटो काढून घेतला, तिघी आपापल्या देशी पोशाखात. पत्रातून नवऱ्यानं वस्त्रांवरून, वागण्यावरून खडसावलं, तर तिनं त्याला उलट लिहिलं, आदर न सोडता आणि मुद्दाही न सोडता. आणि आता गोपाळराव अमेरिकेत व्याख्यानं देत फिरताहेत. त्या व्याख्यानांत अमेरिकन समाजाला, मिशनऱ्यांना, इथल्या बायकांच्या स्वातंत्र्याला झोडपताहेत. पत्नीला ज्या लोकांनी घरात ठेवलं, शिकवलं, त्यांच्यासमोर.

खोलीत बसून पाहा कसं वाटतं ते. माझ्या मते गोपाळरावांचे निम्मे मुद्दे बरोबर होते. मिशनऱ्यांच्या हेतूंविषयी शंका घ्यायला जागा होती आणि ‘रानटी हिंदू’ ऐकून घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण पाहुण्यानं कुठे काय बोलावं याचं एक गणित असतं. तुम्ही चार दिवसांनी जाणार. भाडं, प्राध्यापक आणि शेजार सांभाळायचा आहे तो तिथे राहणाऱ्याला. टाळ्या तुम्हाला, खुलासे तिला. आजही एखादे मामा न्यू जर्सीच्या जेवणाच्या टेबलावर अमेरिकेत कुटुंबव्यवस्था कशी उरली नाही हे मोठ्यानं सांगतात, आणि भाचीची अमेरिकन रूममेट वरण-भात चिवडत हसरा चेहरा ठेवते. भाचीकडे बघा तेव्हा.

दुसरे पाहुणे मात्र खरे पाहुणे आहेत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ‘ब्रिटिश प्रिन्सेस’ बोटीनं इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या, आनंदीच्या दूरच्या नात्यातल्या. वय सत्तावीस, विधवा, पांढरी साडी. बरोबर मुलगी मनोरमा, पुढच्या महिन्यात पाच वर्षांची होईल. मनो दोन वर्षांची असताना आईबरोबर इंग्लंडला गेली, तिचं बोलणं वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांमध्ये वाढलंय. परदेशी वाढणाऱ्या नातवंडांची भाषा ऐकून आजी-आजोबांना जे होतं, ते होण्याची सोय तुम्हाला इथे 1886 मध्येच झाली आहे. तिच्याशी खेळा, प्रश्न विचारू नका.

रमाबाईंशी बोलताना आवाज चढवा. त्यांना कमी ऐकू येतं. हे वाक्य साधं वाटेल, पण त्यात सगळं आहे: रमाबाई इंग्लंडला गेल्या त्याच डॉक्टर व्हायला. कान अधू निघाल्यामुळे वैद्यकाचं दार बंद झालं, मग त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकल्या आणि शिकवूही लागल्या. म्हणजे आपल्याला जे मिळालं नाही, ते नात्यातल्या धाकटीला मिळताना पाहण्यासाठी ही बाई लहान पोर कडेवर घेऊन अटलांटिक ओलांडून आली आहे. कौतुकाला येणारे नातेवाईक बरेच असतात. असं येणारे फार थोडे.

शिवाय त्या ख्रिस्ती झाल्यात. सप्टेंबर 1883 मध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यात आग लागली. आनंदीनं मात्र निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत जाहीर सांगितलं होतं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पुण्याच्या एखाद्या वाड्यात या दोघी एका पंगतीला बसू शकल्या नसत्या. इथे बसतात. रमाबाई धर्म बदलूनही शाकाहारी राहिल्या, आनंदीही मांसाला शिवत नाही, त्यामुळे ताटात वेगळं काही वाढावं लागत नाही. तूरडाळ मिळणार नाही, आमसूल नाही, कढीपत्ता नाही. तांदूळ, सुके वाटाणे, बटाटे, दूध, लोणी यांवर भागवा आणि नाक मुरडू नका. चार मराठी माणसं, त्यांतलं एक अजून पाच वर्षांचंही न झालेलं, एक ख्रिस्ती, एक मिशनऱ्यांवर खार खाणारं, आणि एक खोकत खोकत सगळ्यांची सरबराई करणारं. परदेशातलं कुठलं मराठी घर याहून फार वेगळं असतं?

11 मार्चला सकाळी लवकर तयार व्हा. जागा धरावी लागेल. पदवी घेणाऱ्यांत आनंदीचं नाव पुकारलं जातं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट होतो. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणारी पहिली हिंदू स्त्री. डीन रेचेल बॉडली मुळात रसायनशास्त्राच्या बाई, उगाच भारावून जाणाऱ्या नव्हेत; पण त्यांनी हे वर्तमान थेट व्हिक्टोरिया राणीला कळवलं. तुम्ही टाळ्या वाजवा, शिट्टी मारू नका. मग मान वळवून प्रेक्षकांत बसलेल्या रमाबाईंकडे पाहा. व्यासपीठावर काय होतं ते पुस्तकांत आहे; मला विचाराल तर या सभागृहात पाहण्यासारखा चेहरा तो.

नंतर काय करायचं हे तुम्ही ठरवा. निघायची घाई नसेल तर रमाबाईंबरोबर राहा. थोड्या दिवसांसाठी आलेली ही पाहुणी परत जात नाही. बॉडलीबाई आणि इतर जणी तिला थांबवून घेतात. ती याच शहरात बालवाडीच्या शिक्षणपद्धतीचा अभ्यास करते, व्याख्यानं देत अमेरिका पालथी घालते, 1887 मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ लिहिते आणि त्याला प्रस्तावना बॉडलीबाईंची असते. 11 मार्च 1889 रोजी, या पदवीदानाला बरोबर तीन वर्षं होतात त्या दिवशी, मुंबईत चौपाटीजवळ ती शारदासदन उघडते. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी.

आनंदीबरोबर जाणार असाल तर 9 ऑक्टोबर 1886 ची बोट. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात तिची नेमणूक झालेली आहे. 16 नोव्हेंबरला ती मुंबईला उतरते. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात प्राण सोडते. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात एकही रोगी तिला तपासता आला नाही. पुढचं न बोलण्याचं पथ्य मी तुम्हाला सुरुवातीला का घातलं ते आता लक्षात आलं असेल.

तिच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला मावशीकडे पाठवल्या. माणसाला हिशोब कळत होता, असं मला त्यांच्याविषयी या एका गोष्टीवरून म्हणावंसं वाटतं. मावशीनं त्या न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी गावच्या रूरल सिमेटरीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. तिथे तिच्या नावाचा दगड आहे, नावापुढे एम. डी. लावलेलं.

तर मे महिन्यात मुलीच्या किंवा मुलाच्या पदवीदानाला अमेरिकेला जाल तेव्हा नायगाऱ्याच्या आधी एक दिवस काढा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलवरून हडसनच्या काठानं जाणारी गाडी पकीप्सीला दोनेक तासांत पोहोचवते. मुलांनाही बरोबर न्या, आणि त्या दिवसापुरतं तरी त्यांच्या अमेरिकेविषयी काही बोलू नका.