इयत्ता तिसरीचा निरोप

लहानपणीच्या सवंगड्याचा निरोप कोणी घ्यायचा? मुलाने, की सवंगड्याने? जपानातल्या एका बोलक्या चित्रमालिकेच्या इतिहासात या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे सापडतात.

डोरेमॉन हे नाव आपल्याकडे आता घरोघरी ठाऊक आहे. २००५ साली हंगामा वाहिनीवर हे निळे यांत्रिक मांजर हिंदी बोलू लागले आणि आपल्या मुलांनी त्याला परके म्हणून मानलेच नाही. पण त्याचा जन्म पडद्यावरचा नव्हे, कागदावरचा. शोगाकुकान ही प्रकाशनसंस्था इयत्तावार मासिके काढीत असे. पहिलीच्या मुलांचे वेगळे, दुसरीच्या मुलांचे वेगळे. जानेवारी १९७० च्या अंकांपासून बालवर्ग ते चौथी अशा सहा मासिकांत डोरेमॉन एकदमच अवतरला. चित्रकार फुजिमोतो हिरोशी. वाचणाऱ्यांचे वय पाहून ते गोष्टी निरनिराळ्या रचीत. कथा साधीच. नोबिता हा अभ्यासात कच्चा, खेळात कच्चा आणि वर रडवा. त्याचे काही बरे व्हावे म्हणून बाविसाव्या शतकातून त्याच्या खापरपणतवाने हा सोबती धाडलेला. याच्या पोटावरच्या खिशात हरएक अडचणीवर काही ना काही चीज असायचीच.

आता यातली मेख पाहा. आरंभीच्या त्या वर्षांत पाचवीच्या मासिकात डोरेमॉन नव्हता. जपानी शाळेचे वर्ष एप्रिलात सुरू होते. तेव्हा चौथीची मुले वर जाणार म्हणून मार्च १९७१ च्या अंकात फुजिमोतोंनी त्याला भविष्यात परत पाठवून दिले. पुढच्या मार्चातही पुन्हा तीच निरोपाची वेळ आली.

मार्च १९७४ चा निरोप मात्र तिसरीच्या अंकात आला. डोरेमॉनने जायचे ठरते. त्याला निर्धास्तपणे जाता यावे म्हणून नोबिता दांडगट जियानशी एकटाच झुंजतो. मार खातो, पडतो, पुन्हा उठून त्याला बिलगतो. शेवटी जियानच कंटाळून हार मानतो. डोरेमॉन रात्रभर झोपलेल्या नोबिताच्या उशाशी बसतो, आणि सकाळी खोली रिकामी असते.

पण महिन्याभरात तीच मुले चौथीत गेली आणि चौथीच्या एप्रिलच्या अंकात डोरेमॉन परत आला! एप्रिल फूलच्या दिवशी नोबिता एक औषध पितो. ते प्याले की बोललेले सारे उलटे होते. डोरेमॉन येणारच नाही, असे तो निराशेने म्हणतो आणि घरी पाहतो तो डोरेमॉन हजर. निरोप कितीही मन लावून लिहिला असला, तरी तो निभावणे लिहिणाऱ्यालाही जमले नाही, असेच म्हणावे लागेल.

पडद्यावरचा पहिला प्रयत्न १९७३ मध्ये सहा महिन्यांत आटोपला. २ एप्रिल १९७९ रोजी टीव्ही असाहीवर नवी मालिका सुरू झाली आणि ती मात्र रुजली. दूरचित्रवाणीला इयत्ता नसते. बालवर्गातले पोर आणि सहावीतला दादा एकाच चटईवर बसून तीच गोष्ट पाहू लागले. मार्च आला म्हणून आता कोणाला निरोप देण्याचे कारणच उरले नाही. मग मुलेच आपापल्या वेळी उठून गेली. कोणाची परीक्षा आली, कोणाला त्या वयात मांजराची गोष्ट पाहायची लाज वाटू लागली. आपण निरोप घेतो आहोत हे त्यांना कळलेही नाही.

ते कळले पुढे. १९९६ मध्ये फुजिमोतो वारले, तरी मालिका चालूच राहिली. पण २००५ मध्ये मुख्य पात्रांचे आवाज बदलले. ओयामा नोबुयो या बाईंचा तो घोगरा, मायाळू आवाज सव्वीस वर्षे डोरेमॉनचा होता. १९७९ मध्ये सहा वर्षांचे असलेले पोर आता बत्तीस वर्षांचे झालेले. मालिका पाहणे त्याने केव्हाच सोडले असेल, पण तो आवाज तिथे आहे हा दिलासा त्याला हवा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये ओयामाबाईही गेल्या.

तिसरी-चौथीची ती मासिके २०१२ मध्ये बंद पडली. ती चढण्याची शिडीच गेली. नोबिता मात्र अजून प्राथमिक शाळेतच आहे, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. आपण पुढे निघून गेलो हे कळायला कोणीतरी मागे, आपल्या जागी थांबलेले असावे लागते.