घरची पेये आणि सरकारी दप्तर

लढायांचा इतिहास लिहिणे त्या मानाने सोपे आहे; कारण जिंकणारा आपला पराक्रम दगडावर कोरून ठेवतो. घरात सकाळी तयार होऊन संध्याकाळी संपणाऱ्या पेयाचा इतिहास मात्र लिहावा कसा? ते पिणाऱ्याने पेला रिकामा केला की त्याचा पुरावाही संपला. तरीसुद्धा जगातील घरगुती पेयांविषयी आज पुष्कळ माहिती उपलब्ध आहे. ती कोठून आली हे पाहू गेलो, तेव्हा एक मौजेची गोष्ट आमच्या ध्यानात आली. तिचा बराचसा भाग आमच्याच पेशाच्या माणसांनी, म्हणजे कारकुनांनी, लिहून ठेवलेला आहे. आणि तो त्यांनी लिहिला तो रसिकतेपोटी नव्हे, हिशेबापोटी.

खापरे काही सांगतात, नाही असे नाही. चीनच्या हनान प्रांतातील ज्याहू येथे सापडलेल्या मडक्यांची रासायनिक तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. इ. स. पूर्व ७००० च्या सुमाराच्या त्या मडक्यांत तांदूळ, मध व फळे यांपासून आंबवलेल्या पेयाचे अंश मिळाले. पण मडके घटक सांगते. ते पेय कोणी केले आणि कोणासाठी केले, हे सांगत नाही. त्यासाठी लेखणीच लागते.

ही लेखणी प्रथम चालू लागली ती सुमेर देशात. इ. स. पूर्व ३००० च्या आसपासच्या तेथील मातीच्या पाट्यांवर कोणास किती जव दिले आणि किती बिअर दिली, याच्या नोंदी आहेत. मजुरांना शिध्यात बिअर मिळे, आणि शिधा म्हटला की नोंदवही आलीच. पुढे इ. स. पूर्व १८०० च्या सुमारास निनकासी या देवतेचे स्तोत्र लिहिले गेले. भाजलेल्या जवाची भाकर आणि मोड आणलेले धान्य भिजवून बिअर कशी करीत, हे त्यावरून समजते. बिअरची देवता स्त्री असावी, यात नवल नाही. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात मद्यगृह चालवणारी व्यक्ती स्त्रीच धरलेली आहे. पेयाच्या किमतीपोटी धान्य नाकारून तिने जड वजनाने चांदी घेतली, तर तिला पाण्यात टाकावे, अशी शिक्षा तेथे सांगितली आहे. घरातील कसब बाजारात आले, आणि त्याबरोबर दंडही आला.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे. हा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्री यांनी १९०९ साली प्रथम छापून प्रसिद्ध केला. मद्याची निर्मिती आणि विक्री राज्याच्या देखरेखीखाली ठेवणाऱ्या या कठोर ग्रंथकाराने एक फट मात्र ठेवली आहे: गृहस्थांना घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा आहे, उत्सव आणि यात्रा यांसाठी चार दिवसांची सवलत आहे. सुरेसाठी लागणारे किण्व तयार करण्याचे काम तो स्त्रिया व मुले यांच्याकडे सोपवतो. अध्यक्ष सरकारचा, पण हात घरातलेच, अशी ही वाटणी होती.

ही वाटणी फार काळ टिकत नाही, हे इतर देशांच्या इतिहासावरून दिसते. मध्ययुगीन इंग्लंडात एल नावाची बिअर मुख्यतः गृहिणी करीत. ती थोड्याच दिवसांत आंबून वाया जाई. म्हणून घरोघरी आळीपाळीने करावी आणि उरलेली शेजारी विकावी, अशी पद्धत होती. पंधराव्या शतकात हॉप नावाच्या वेलीची फुले घालून केलेली बिअर तेथे रुजली. ती टिकाऊ होती, म्हणून मोठ्या प्रमाणावर करून दूरवर पाठवता येई. मग भांडवल आले, संघ आले, आणि बायकांच्या हातचा धंदा हळूहळू पुरुषांच्या कारखान्यांत गेला. १८८० च्या कायद्याने तर स्वतःच्या घरात, स्वतःसाठी बिअर करायलाही परवाना लागू लागला. ही अट १९६३ साली उठली.

जपानचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील शेतकरी आपल्याच भातापासून दोबुरोकू नावाचे दुधी रंगाचे, न गाळलेले मद्य घरी करीत. मद्यावरील कर ही सरकारी उत्पन्नाची मोठी बाब होऊन बसली, तेव्हा १८९९ साली घरी मद्य करण्यावर सरसकट बंदी आली. शंभर वर्षांनंतर सरकारला त्या पेयात खेड्यांचे वैभव दिसू लागले. २००३ पासून काही खास विभागांत, इवाते प्रांतातील तोनो येथे सर्वांत आधी, अतिथिगृह किंवा उपाहारगृह चालवणाऱ्या शेतकऱ्यांना ते करण्याची परवानगी मिळू लागली. पण मधल्या तीन-चार पिढ्यांत आजीकडून नातीकडे जे जायचे, ते उघडपणे जाऊ शकले नाही. परवाना एका सहीने परत देता येतो. हाताचा अंदाज तसा देता येत नाही.

मुंबई इलाख्यातही हेच घडले. १८७८ च्या अबकारी कायद्याने परवान्यावाचून दारू गाळणे गुन्हा ठरले. १८९२ साली तर मोहाच्या फुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत ती फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध आले. ज्या आदिवासींना मोहाचे फूल हे अन्नही होते आणि देवकार्यातील पेयही, त्यांच्या अंगणातली ओंजळभर फुले अशा रीतीने सरकारी दप्तरात शिरली. 'अबकारी' या शब्दाचा फारसी अर्थ नुसता 'पाण्याचे काम' असा आहे. एवढ्या निरुपद्रवी नावाच्या खात्याने किती चुली विझवल्या, याचा हिशेब मात्र कोणत्याही खात्यात सापडत नाही.

मद्यपानाची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही. दारूने संसार उद्ध्वस्त होतात, हे सांगायला इतिहासकार नको. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्या गोष्टीकडे. ज्या पेयांवर कर बसला, त्यांची निदान नोंद राहिली. ज्यांवर तो कधीच बसला नाही, त्यांचे काय?

आपले पन्हे घ्या. हा शब्द संस्कृत 'पानक' यापासून आला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या, ११२९ च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासात पानकांचे वर्णन आहे. पण ते राजाच्या पंगतीचे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरी उकडावी की भाजावी, गूळ किती घालावा, याची नोंद कोणत्या कारकुनाने ठेवली? दक्षिणेत नेमणूक झालेल्या वाचकांनी रामनवमीला गूळ, सुंठ, मिरी व वेलदोडे घातलेले 'पानकम्' घेतले असेल. नाव एकच, चव निराळी. तरी परक्या गावी तो शब्द कानी पडला की क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. उत्तरेकडे असलेल्यांना होळीच्या सुमारास काळी गाजरे व मोहरी उन्हात आंबवून केलेली कांजी शेजारच्या घरातून आली असेल. या पेयांसाठी ना सुराध्यक्ष, ना परवाना. म्हणूनच ती निर्वेध जगली आणि म्हणूनच त्यांचे दप्तरही नाही.

आम्ही मंडळी दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवतो. ट्रंकांची यादी होते, भांडी मोजली जातात, सरकारी सामानाच्या पावत्या होतात. आईच्या हातचे पन्ह्याचे प्रमाण त्या यादीत कधीच नसते. ते हरवले, तर दोष कोणत्याही अबकारी खात्यावर ढकलता येणार नाही. तेवढी नोंद करण्याचे काम आपलेच आहे.