कृत्रिम किरणोत्सार ते पेट स्कॅन : फेरतपासणीच्या भीतीचा इतिहास

२ जानेवारी १९५० रोजी कलकत्त्यात चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन इरेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झाले. १९३४ मध्ये त्यांनी व त्यांचे पती फ्रेडरिक यांनी ॲल्युमिनियमवर अल्फा कणांचा मारा करून किरणोत्सारी फॉस्फरस निर्माण केला होता. पुढच्याच वर्षी या शोधासाठी दोघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या फॉस्फरसमधून पॉझिट्रॉन बाहेर पडत असत. आजचे पेट स्कॅन याच कणांवर चालते.

१९७६ मध्ये फिलाडेल्फियात फ्लोरिन-१८ जोडलेले ग्लुकोजसदृश द्रव्य, म्हणजे एफडीजी, प्रथमच माणसाला टोचण्यात आले. फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असल्याने ते दूरवरून आणून साठवता येत नाही. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्राचे ‘सायक्लोन-३०’ हे वैद्यकीय सायक्लोट्रॉन २०१८ मध्ये कार्यान्वित झाले. आता एफडीजी शहरातच तयार होते.

इंजेक्शननंतर रुग्णाला सुमारे तासभर शांत पडून राहावे लागते. हालचाल केल्यास स्नायूच ती साखर ओढून घेतात. तेवढ्या वेळात जवळजवळ एक तृतीयांश किरणोत्सार ओसरतो. भीतीला मात्र असा नियम नाही. ती तपासणीच्या कित्येक दिवस आधी सुरू होते, झोप उडवते, आणि अहवाल चांगला आला तरी पुढच्या तारखेपुरतीच शमते. बालपणी कर्करोगातून वाचलेल्यांच्या अभ्यासात कूचर व ओ’मॅली यांनी १९८१ मध्ये या अवस्थेला डोक्यावर केसाने टांगलेल्या तलवारीवरून ‘डॅमोक्लीस सिंड्रोम’ म्हटले. हाडाच्या कर्करोगातून बरे झालेले लेखक ब्रूस फायलर यांनी २०११ मध्ये ‘टाइम’मध्ये याविषयी लिहिले आणि ‘स्कॅन्झायटी’ हा शब्द सर्वतोमुखी झाला.

या भीतीला यंत्राच्या मर्यादाही खतपाणी घालतात. पेट स्कॅनला कर्करोग दिसत नाही. साखरेचा वाढीव वापर दिसतो. क्षयरोगाची गाठ किंवा भरत आलेली जखमही तशीच उजळते. मग अहवालात ‘तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे’ असा शेरा येतो. आम्हा भौतिकशास्त्रज्ञांच्या लेखी ती मापनातील अनिश्चितता असते. रुग्णाला ते तीन महिने काढायचे असतात.

मग अधिक तपासण्या म्हणजे अधिक सुरक्षितता का? १९९४ मध्ये इटलीत स्तनकर्करोगाच्या १,३२० स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाच्या ठरावीक काळाने हाडांचे स्कॅन, यकृताची सोनोग्राफी व छातीचे एक्स-रे होत. दुसऱ्या गटाच्या अशा तपासण्या केवळ लक्षणे दिसल्यावर. वार्षिक मॅमोग्राफी दोन्ही गटांना होती. आयुर्मानात वा जीवनमानात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणूनच स्तनकर्करोगानंतर लक्षणे नसताना सरसकट स्कॅन करण्याची शिफारस आज केली जात नाही. अन्य काही कर्करोगांत नियमित स्कॅन आवश्यकच असतात. भीतीपोटी ते टाळणे घातक ठरू शकते.

इरेन यांचे १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या पिढीपुढे उपचार उपलब्ध करण्याचा प्रश्न होता. आज उपचारानंतर जगणाऱ्यांचाही आहे. त्यांनी निःसंकोच विचारावे : ही तपासणी कशासाठी, अहवाल कधी मिळेल आणि तो समजावून कोण सांगेल? ही उत्तरे आधीच देणे, हाही उपचाराचाच भाग आहे.