खाडीपाशी थांबणारा रस्ता

मंडळी, आज आपण उमरोळीत बसलोय, म्हणजे रुळांच्या गावात. समुद्र लांब नाही, पण आपलं येणंजाणं सगळं गाडीने. 1860 च्या दशकात बी.बी. अँड सी.आय. रेल्वेने मार्ग टाकला, तो किनारा बाजूला ठेवून आतल्या अंगाने. तेव्हा या तालुक्याचं नाव होतं माहीम, म्हणजे केळवे-माहीममधलं. पुढे स्टेशनाचं पालघर वाढलं आणि तालुकाही पालघर झाला. केळवे रोड, डहाणू रोड या नावांतला ‘रोड’ काय सांगतो? गाव इथे नाही, गावाला जायचा रस्ता इथून आहे!

आता खाली दक्षिणेला, कोकणात जाऊ. तिथेही सह्याद्रीच्या पायथ्याने मुंबई-गोवा रस्ता झाला आणि किनारा एकटा पडला. आधी असं नव्हतं. पंधराव्या शतकातला रशियन प्रवासी निकितिन चौलला उतरला आणि परतताना दाभोळहून जहाजात बसला. त्या काळी खाडी हे दार होतं. विसाव्या शतकातही चाकरमानी आगबोटीने गावी जायचा. मात्र पावसाळ्यात त्या बोटी बंद. आणि जवळचा प्रवासही बिनधोक नव्हता: 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेंहून जास्त माणसं गेली.

बॅ. अ. र. अंतुले 1980 ते 1982 मुख्यमंत्री होते. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग त्यांच्या नावाशी जोडला जातो. त्यांचं आंबेत गाव सावित्री खाडीच्या काठी, तेव्हा खाडी आडवी येणं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. नकाशावर रेघ सरळ उतरली. जमिनीवर मात्र धरमतर, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशी एकेक खाडी आली आणि रस्ता काठाशी थांबला. काही ठिकाणी पूल झाले. बाणकोटच्या खाडीत मात्र पुलाचे खांब वर्षानुवर्षे नुसतेच उभे राहिले.

रस्ता जोडला तो फेरीबोटींनी. 2003 मध्ये दाभोळ-धोपावे सुरू झाली, नंतर वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, जयगड-तवसाळ. कोकणात या बोटीला ‘जंगलजेट्टी’ म्हणतात. तिचा तळ सपाट, पुढचं फाळकं खाली टाकलं की गाडी थेट उतारावर. मोठ्या खोल बंदराची गरज नाही, म्हणून गाळाच्या खाडीत ती चालते. दाभोळहून गुहागरची बाजू समोर दिसते. बोट नसेल तर चिपळूणचा वळसा. यात एसटी, आंब्याचा टेम्पो, पर्यटकाची गाडी आणि पायी आलेली कोळीण एकाच फळीवर उभी असते. इतिहासाची पुस्तकं पुलांच्या कोनशिला नोंदवतात, या फळीची नोंद कोण ठेवतो?

आता हेच आपल्या दारात आलंय. एप्रिल 2025 मध्ये वैतरणेच्या मुखाशी, सफाळ्याकडच्या जलसारहून विरारच्या बाजूला रो-रो सुरू झाली. पाणी जेमतेम दीड किलोमीटर, रस्त्याने फेरा साठच्या घरात.

मघाशी एका ताईंनी विचारलं, पूल झाला की बोट बंद होणार ना? कोकणातल्या खाड्यांवर पुलांची कामं आता सरकारने पुन्हा हाती घेतली आहेत. पूल हवेतच; रात्री दोन वाजता अडलेल्या बाळंतिणीला बोटीचं वेळापत्रक सांगून चालत नाही. पण ताई, पुलाची चढण गाववस्तीपासून लांब सुरू होते, आणि टोपली डोक्यावर घेऊन तो पूल चालत कोण ओलांडणार, हे त्या आराखड्यात मला अजून कुठे दिसलेलं नाही.