‘कारखान्यातून निघाला तसा’ म्हणजे नेमका कसा? एका जुन्या संगणकाने शिकवलेले चार धडे

तुमच्या मोबाइलमध्ये ‘फॅक्टरी रीसेट’ नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की फोटो, मेसेज, ॲप सगळं जातं आणि फोन नवा कोरा होतो. निदान आपण तसं समजतो. आज ज्या संगणकाबद्दल लिहितोय, त्याला असं बटणच नव्हतं. खरं तर त्याला चालू-बंद करायचं बटणही नव्हतं. वायर उपसली की झाला रीसेट, कारण त्याचा सगळा मूळ प्रोग्राम 16 किलोबाइटच्या एका रॉममध्ये कोरलेला होता आणि तो पुसता येत नव्हता.

हा संगणक म्हणजे झेडएक्स स्पेक्ट्रम. सिंक्लेअर रिसर्च या ब्रिटिश कंपनीने तो 23 एप्रिल 1982 रोजी जाहीर केला. 16 किलोबाइट मेमरीचा 125 पौंडांना, 48 किलोबाइटचा 175 पौंडांना. त्याच काळात शाळांसाठी घेतला जाणारा बीबीसी मायक्रो ‘मॉडेल बी’ 399 पौंडांना मिळत होता, यावरून स्पेक्ट्रमचं घराघरांत काय स्थान झालं असेल ते लक्षात येईल. रबरी बटणं, काळी पेटी, कोपऱ्यात इंद्रधनुष्यासारखा पट्टा. पडद्याच्या जागी घरातला टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला साधी कॅसेट.

माझ्या मामांनी इंग्लंडमधली नोकरी संपवून 1984 मध्ये पुण्याला परत येताना असा एक स्पेक्ट्रम आणला होता. तो माळ्यावर सापडला, बंद अवस्थेत. विभागातल्या एका छोट्या प्रदर्शनासाठी तो ‘मूळ स्थितीत’ आणायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. पहिल्याच बैठकीत मार्गदर्शकांनी विचारलं, “मूळ म्हणजे कुठल्या दिवसाचं?” मला तेव्हा तो प्रश्न नुसता खवचट वाटला होता. पुढचे तीन महिने त्याच प्रश्नाभोवती गेले. संशोधनाची तयारी करताय तर हे तीन महिने तुमच्या कामाचे आहेत, म्हणून हा लेख.

धडा पहिला : वस्तू स्वतःबद्दल सांगते ते तपासून घ्या

स्पेक्ट्रम सुरू केला की पडद्यावर खाली एक ओळ येते : सिंक्लेअर रिसर्च, 1982. आता कुणी नवखा संशोधक लिहून मोकळा होईल की हे यंत्र 1982 चं. पण ती ओळ रॉममधली आहे आणि 48 किलोबाइटच्या स्पेक्ट्रमचा रॉम पुढे बदललाच नाही. 1984 मध्ये बनलेलं यंत्रही स्वतःला 1982 चंच म्हणवतं. ही तारीख प्रोग्रामची आहे, यंत्राची नाही.

मग यंत्राची तारीख कशी काढायची? पेटी उघडायची आणि चिपांच्या पाठीवरचे आकडे वाचायचे. बहुतेक चिपांवर चार आकडी कोड असतो : पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. 8317 म्हणजे 1983 चा सतरावा आठवडा. बोर्डावरच्या सगळ्या चिपांचे कोड एका तक्त्यात लिहिले की त्यातला सर्वांत उशिराचा कोड तुम्हाला एक पक्की सीमा देतो : हे यंत्र आज जसं आहे तसं त्या आठवड्याच्या आधी असू शकत नाही. नंतर किती, ते तो कोड सांगत नाही. जुन्या कागदपत्रात उल्लेखलेल्या सर्वांत उशिराच्या घटनेवरून आपण कागदाची पूर्वमर्यादा ठरवतो ना, अगदी तेच तर्कशास्त्र.

धडा दुसरा : ‘मूळ’ अवस्था निर्दोष असतेच असं नाही

पेटी उघडल्यावर मला पहिल्यांदा दिसला तो प्रोसेसरच्या पाठीवर आडवा टाकलेला एक ट्रान्झिस्टर. पाय हाताने वाकवून प्रोसेसरच्या पिनांना सोल्डर केलेले. छापील बोर्डाच्या शिस्तीत हे ठिगळ फारच गावठी दिसत होतं. मी ठरवूनच टाकलं की नंतर कुणीतरी केलेला हा उद्योग आहे, काढला पाहिजे. सोल्डरिंग गन तापायला लावली होती, खरंच.

नशीब, आधी वाचायची सवय होती. तो ट्रान्झिस्टर कारखान्यातलाच निघाला. गोष्ट अशी : स्पेक्ट्रम स्वस्त करण्यासाठी सिंक्लेअरने पडदा, कीबोर्ड, टेप, आवाज अशी अनेक कामं फेरांटी कंपनीच्या यूएलए नावाच्या एकाच चिपवर टाकली होती. तिच्या रचनेत चूक राहिली. चिप नव्याने बनवून येईपर्यंत विक्री कोण थांबवणार? मागण्या तुंबल्या होत्या, लोक आठवडेच्या आठवडे वाट पाहत होते. मग ‘इश्यू 1’ या पहिल्या बोर्डावर एक छोटी चिप पाय वर करून उलटी चिकटवली गेली. तिला जाणकार ‘मेलेलं झुरळ’ म्हणतात. सुधारलेल्या यूएलएलाही आणखी एक खोड होतीच, म्हणून ‘इश्यू 2’ वर हा ट्रान्झिस्टर आला. ‘इश्यू 3’ मध्ये मात्र ती दुरुस्ती बोर्डाच्या आराखड्यातच सामावली आणि ठिगळ दिसेनासं झालं.

म्हणजे बघा, मी जे ‘बाहेरचं’ म्हणून उपटणार होतो, ते यंत्रातलं सर्वांत बोलकं ऐतिहासिक साधन होतं. कंपनी घाईत होती, पैसे मोजून खर्च करत होती आणि चूक कळूनही माल पाठवत होती, हे सगळं त्या तीन पायांत लिहिलेलं आहे.

याहून मजेदार गोष्ट मेमरीची. 48 किलोबाइटपैकी वरचे 32 किलोबाइट आठ चिपांत असतात, म्हणजे प्रत्येकीत 32 किलोबिट. पण या चिपा जन्माने 64 किलोबिटच्या होत्या! ज्यांचा एक अर्धा भाग तपासणीत नापास झाला, अशा चिपा अर्ध्या क्षमतेच्या म्हणून स्वस्तात विकल्या जात. सिंक्लेअरने त्याच घेतल्या. कुठला अर्धा भाग चांगला आहे ते बोर्डावरच्या एका छोट्या तारेने ठरवायचं. आज दुरुस्ती करणारे तिथे पूर्ण चांगल्या चिपा बसवतात आणि यंत्र उत्तम चालतं. पण ते ‘कारखान्यातून निघालं तसं’ राहतं का? कारखान्यातून तर ते अर्ध्या बाद चिपा पोटात घेऊन निघालं होतं.

धडा तिसरा : ‘मूळ’ एक नसतं

तुम्ही म्हणाल, यंत्र तेच, हे बारकावे कोण बघतो? प्रोग्राम बघतात. कीबोर्ड वाचताना स्पेक्ट्रमला आठ बिट मिळतात. त्यातली पाच बटणांची, एक मात्र टेपच्या सॉकेटचं. ‘इश्यू 2’ आणि ‘इश्यू 3’ वर हे बिट वेगवेगळं येतं. सुरुवातीच्या काही गेम लिहिणाऱ्यांनी पाच बिट वेगळी न काढता आठही तपासली. त्यांच्या यंत्रावर सगळं ठीक चाललं, पण नव्या बोर्डावर त्याच गेमला कीबोर्ड कळेना. म्हणून आजही स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इश्यू 2 कीबोर्ड’ असा वेगळा पर्याय ठेवलेला असतो. ‘खरा स्पेक्ट्रम’ असं म्हणालात तर यंत्रच उलट विचारेल, कुठला?

इथे मला आपल्या भांडारकर संस्थेची आठवण आली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये पूर्ण झालं. बाराशेहून अधिक हस्तलिखितं त्यासाठी तपासली गेली. वि. स. सुखटणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत दावा फार जपून केला आहे : हाती आलेल्या हस्तलिखितांवरून जिथवर मागे जाता येतं, ते सर्वांत जुनं रूप आम्ही देतो आहोत. ‘व्यासांचं मूळ महाभारत’ देतो असं ते म्हणत नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे, त्यांनी नाकारलेले पाठ फेकले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. संपादकाचा निर्णय पटला नाही तर वाचकाला तो उलटवता यावा, याची सोय त्या पानावरच आहे.

युरोपात इमारतींच्या बाबतीत हाच वाद एकोणिसाव्या शतकात पेटला होता. फ्रेंच वास्तुतज्ज्ञ व्हियोले-ल-द्युक उघडच म्हणे की जीर्णोद्धाराने इमारत अशा पूर्णावस्थेला न्यायची, जी कदाचित कधीच अस्तित्वात नव्हती. इंग्लंडात रस्किनच्या मते हा सगळा प्रकार म्हणजे खोटेपणा. 1964 च्या व्हेनिस सनदेने मधली वाट काढली : जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. माझ्या टेबलावर राजवाडा नव्हता, रबरी बटणांची पेटी होती. पण प्रश्न तोच होता.

धडा चौथा : नंतर झालेलं तेही इतिहासच

चिपांचा तक्ता पुरा झाला तेव्हा एक आकडा खटकला. सगळे कोड 1983 चे, एक मेमरी चिप मात्र 8508. म्हणजे 1985 चा आठवा आठवडा. भोवतीचं सोल्डरही वेगळं, हाताचं.

मी मामांना फोन केला. ते ठामपणे म्हणाले, “छे रे, तो कधी उघडलाच नाही.” पण चिप खोटं कशाला बोलेल? यंत्र 1984 पासून पुण्यात आहे, मग 1985 ची चिप त्यात पुण्यातच बसलेली असणार. या यंत्रातल्या खालच्या 16 किलोबाइटच्या चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, त्यातलं उणे पाच व्होल्ट गेलं की चिपा मरतात. हा या यंत्राचा जुना, प्रसिद्ध आजार. एवढं सांगितल्यावर मामा थोडे थांबले. “अरे हो, थांब. पडद्यावर नुसत्या पट्ट्या यायला लागल्या होत्या. आपल्याकडे टीव्ही दुरुस्तीला यायचे ना, त्यांनी नेला होता आठ-दहा दिवस.”

माझ्या मूळ यादीत काय होतं माहितेय? ‘विजोड चिप काढून 1983 ची बसवणे.’ ती चिप मी ऑनलाइन शोधूनही ठेवली होती. ते केलं असतं तर यंत्र ‘अस्सल’ दिसलं असतं आणि पुण्यातल्या एका टीव्ही मेकॅनिकने, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच संगणक उघडून, आठ चिपांतून नेमकी मेलेली चिप हुडकली होती, याचा एकमेव पुरावा कचऱ्यात गेला असता. अशा माणसांबद्दल कागद सापडत नाहीत. त्यांच्या सह्या सोल्डरमध्येच असतात.

शेवटी काय केलं ते सांगतो. उघडण्याआधी आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो काढले. रॉम वाचून घेतला आणि माहीत असलेल्या प्रतीशी बाइटन् बाइट ताडून पाहिला. जुनी कॅपॅसिटर बदलली, कारण ती गळली की बोर्डच खातात. कीबोर्डची आतली पातळ पट्टी ठिसूळ होऊन तुटली होती, ती नवी घातली. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पाकिटात ठेवला. ट्रान्झिस्टर आणि 8508 ला हात लावला नाही. प्रदर्शनातल्या पाटीवर ‘मूळ स्थितीत’ हे शब्द नाहीत. ‘1983 मध्ये बनलेला, 1985 मध्ये किंवा त्यानंतर पुण्यात दुरुस्त झालेला, यंदा चालू केलेला’ असं लिहिलंय.

तुमच्या प्रबंधात यंत्र नसेल. दप्तर असेल, मुलाखती असतील, एखादी पोथी असेल. कधीतरी तुमच्यासमोरही एक ‘विजोड’ तुकडा येईल आणि तो साफ करून टाकायचा मोह होईल. त्या दिवशी गन तापवण्याआधी एक तक्ता करा, एक फोन करा. आणि काढावंच लागलं तर पाकिटात ठेवा, वर चिठ्ठी लावून. तुमच्यानंतर येणाऱ्याला तुमची चूक दुरुस्त करता आली पाहिजे.