रिमोटची बोट, जळालेलं ईएससी आणि उष्णता जाते कुठे?

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण त्याची सुरुवात एका धुरापासून होते.

माझी आत्या अच्छाडला राहते. तलासरी तालुक्यातलं, गुजरातच्या हद्दीला लागून असलेलं गाव. मुंबई-अहमदाबाद हायवेने गेला असाल तर ट्रकच्या रांगा आणि चेकनाका आठवत असेल, तेच ते अच्छाड. आत्याच्या मुलाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, वर्षभर पैसे साठवून एक जुनी इलेक्ट्रिक आरसी बोट घेतली होती. साधारण दोन फूट लांब, ब्रशलेस मोटर, तीन सेलची लिपो बॅटरी. मे महिन्यात मी गेलो तेव्हा तो म्हणाला, "दादा, अजून पळायला पाहिजे." आणि मी, इंजिनिअर माणूस, बिनधास्त म्हणालो, "पंखा मोठा बसव."

बसवला. तिसऱ्या फेरीला बोट तळ्याच्या मधोमध थांबली आणि झाकणाच्या फटीतून धूर यायला लागला. पोरगं कपड्यांसकट पाण्यात उतरलं. आत लिपो बॅटरी होती, ती पेटली असती तर काय झालं असतं, हे मला काठावर उभं असताना सुचलं. तोवर तो बोट घेऊन परत येत होता. बॅटरी वाचली. जळालं होतं ईएससी, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा हे ठरवणारं सर्किट.

चूक माझी होती, त्यामुळे बोट पुन्हा उभी करायची जबाबदारीही माझीच. ती करताना वाचत गेलो आणि लक्षात आलं की विजेवर चालणाऱ्या बोटीचा इतिहास हा बराचसा उष्णतेचा इतिहास आहे.

आधी होडी, मग रिमोट

विजेची बोट पेट्रोलच्या गाडीपेक्षा जुनी आहे, हे मला माहीतच नव्हतं. १८३८ मध्ये मॉरिट्झ याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीत, बॅटरीवर चालणारी बोट चालवली. त्यात डझनभर माणसं बसली होती. १८८१ मध्ये पॅरिसमध्ये ग्युस्ताव्ह त्रूव्हे याने काढता-घालता येणारी विजेची मोटर होडीच्या मागे लावून सीन नदीत फेरी मारली. आज आपण ज्याला आउटबोर्ड मोटर म्हणतो, ती ही कल्पना.

रिमोट आला १८९८ मध्ये. निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट सोडली आणि वायरशिवाय, दुरून चालवली. ८ नोव्हेंबर १८९८ ला त्याचं पेटंट मंजूर झालं, नंबर ६१३८०९. लोकांना ती जादू वाटली. टेस्लाने नंतर सांगितलं की बोटीला प्रश्न विचारा असं तो लोकांना म्हणायचा. कुणी विचारलं, ६४ चं घनमूळ किती? तर बोटीवरचा दिवा चार वेळा लुकलुकला. अर्थात बटण टेस्लाच्याच हातात होतं!

त्या बोटीत रेडिओ लहरी पकडायला 'कोहेरर' होता, धातूचा कीस भरलेली नळी. लहर आली की कीस चिकटून वीज वाहू लागायची, मग तो पुन्हा सुटा करावा लागायचा. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्येच कोलकात्यात रेडिओ लहरींनी दुरून घंटा वाजवून दाखवली होती आणि पुढे त्यांनी कोहेरर बराच सुधारला. म्हणजे आतेभावाच्या हातातल्या रिमोटच्या गोष्टीत कोलकाताही आहे.

वेग कमी करायचा म्हणजे वीज जाळायची

आता मुद्द्याचं. मोटर चालू करणं सोपं, बंद करणं सोपं. अर्ध्या वेगाने चालवायची कशी?

जुनं उत्तर होतं, मध्ये रेझिस्टन्स घाला. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला, हार्बर मार्गाने, पहिली इलेक्ट्रिक लोकल धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. गाडी सुटताना मोटरला सगळी वीज एकदम देता येत नाही. म्हणून मध्ये रेझिस्टन्स असायचे आणि वेग वाढेल तसे ते टप्प्याटप्प्याने वगळले जायचे. त्या रेझिस्टन्समध्ये गेलेल्या विजेने गाडी पुढे जात नव्हती, फक्त लोखंड तापत होतं.

जुन्या आरसी बोटींतही अगदी हेच होतं, फक्त आकार हाताच्या बोटाएवढा. छोटी मोटर एक दांडी सरकवायची आणि तारेचं वेटोळं कमी-जास्त व्हायचं. बोट हळू चालवली की ते वेटोळं चटका बसेल इतकं तापायचं.

हे बदललं मॉस्फेटमुळे. १९५९ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये इजिप्तहून आलेला मोहम्मद अताल्ला आणि कोरियाहून आलेला डॉन कांग या दोघांनी हा ट्रान्झिस्टर बनवला. तुम्ही आत्ता ज्या फोनवर हे ऐकताय त्यात असे अब्जावधी आहेत. बोटीच्या ईएससीत थोडेच, पण दांडगे असतात. ते वीज अडवून धरत नाहीत, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद, की झाला अर्धा वेग. आजच्या लोकलमध्येही असलेच मोठे स्विच आहेत.

मग प्रश्न संपला? नाही. मॉस्फेट चालू असताना त्यालाही थोडा रेझिस्टन्स असतोच. समजा ईएससीचा एकूण रेझिस्टन्स ५ मिलीओहम, करंट ४० अँपियर. तयार होणारी उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स: ८ वॉट. ठीक आहे, चालतं. आता करंट दुप्पट करा, ८० अँपियर. उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. ३२ वॉट. काडेपेटीएवढ्या सर्किटमध्ये, टेप लावून बंद केलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, मे महिन्याच्या उन्हात.

मोठा पंखा म्हणजे जास्त करंट. तो 'वर्ग' मी बीटेकला चार वर्षं सोडवला होता. तळ्याच्या काठावर विसरलो.

बोट पुन्हा उभी करताना

जुन्या ईएससीवर ॲल्युमिनियमचा पत्रा होता. तो हवेने थंड व्हायचा, आणि पाणी शिरू नये म्हणून आम्ही हवाच बंद केली होती. तर आम्ही काय काय केलं?

पहिलं, पंखा परत लहान केला. उष्णता बाहेर काढण्यापेक्षा ती कमी तयार करणं केव्हाही स्वस्त.

दुसरं, बॅटरी ते ईएससीच्या वायरी आखूड केल्या. लांब वायरीमुळे व्होल्टेज सारखं वरखाली होतं आणि ईएससीतले कपॅसिटर तापतात.

तिसरं, पाण्याने थंड होणारं ईएससी. त्याच्यावर ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते. मोटरलाही तसंच पोकळ कडं चढवलं. पाणी आत घेणारी बारीक नळी बोटीच्या मागे, पंख्याच्या झोताला तोंड करून बसवली. पंखाच पाणी ढकलतो, वेगळा पंप लागत नाही. तिथून सिलिकॉनच्या नळीने पाणी आधी ईएससीला, मग मोटरला, आणि शेवटी बोटीच्या बाजूने बाहेर. आधी ईएससीला, कारण तिथे सगळ्यात गार पाणी हवं.

किती पाणी लागतं? मिनिटाला अर्धा लिटर धरा. ३० वॉट उष्णता घेऊन ते पाणी एक अंशानेही तापत नाही. हवेला हे जमत नाही. पाण्याची उष्णता पोटात घ्यायची ताकद प्रचंड आहे.

दोन गोष्टी चुकून शिकलो. पहिल्याच दिवशी शेवाळ अडकून नळी तुंबली. तेव्हापासून नियम आहे: बाजूची चिळकांडी दिसली नाही की बोट काठावर. दुसरी जास्त महत्त्वाची. जोरात पळवून एकदम थांबवली, की पाणीही थांबतं, पण आतली उष्णता थांबत नाही. म्हणून शेवटची फेरी हळू घ्यायची.

हीच गोष्ट, आपल्याच जिल्ह्यात

हे दुसरं वाक्य लिहिताना मी थबकलो, कारण ते मी आधी ऐकलं होतं, फुकुशिमाबद्दल. २०११ मध्ये तिथल्या अणुभट्ट्या भूकंपानंतर बंद झाल्या होत्या, पण आतली उष्णता सुरूच होती आणि त्सुनामीने पाणी फिरवणारी यंत्रणा बंद पाडली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आपल्या पालघर जिल्ह्यात तारापूरला भारताचं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. ते समुद्रकाठी का? कारण अणुभट्टीच्या उष्णतेतली साधारण एक तृतीयांशच वीज होते. बाकीची कुठेतरी सोडावीच लागते, आणि तिथे ती अरबी समुद्रात जाते. बोटीची नळी आणि तारापूरचे पाइप, तत्त्व एकच.

डहाणूचं कोळशावरचं वीज केंद्र १९९५ मध्ये सुरू झालं, ५०० मेगावॉटचं. तिथे वाफेचं पुन्हा पाणी करायला खाडीचं पाणी वापरतात. चिकूचे बागायतदार, मच्छीमार आणि पर्यावरणाचे कार्यकर्ते आधीपासून प्रश्न विचारत होते. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, मग मासळीचं काय? राख आणि धुराचं काय? केंद्र सरकारने २० जून १९९१ ला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला होता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९९६ मध्ये तालुक्यासाठी वेगळं प्राधिकरण आलं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. त्या यंत्रणेतही समुद्राचंच पाणी वापरलं जातं.

मला वीज केंद्रं वाईट आहेत असं म्हणायचं नाहीये. हा एपिसोड मी विजेवरच रेकॉर्ड करतोय. पण आपण 'थंड केलं' म्हणतो तेव्हा उष्णता नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. डब्यातून पाण्यात, केंद्रातून खाडीत. आमच्या बोटीचे ३० वॉट तळ्याला कळतही नाहीत. केंद्र मोठं असेल तर त्या पाण्याकाठी राहणाऱ्यांना विचारावं लागतं, आणि डहाणूच्या लोकांनी तो हक्क भांडून मिळवला.

पावसाळा संपल्यावर बोट पुन्हा तळ्यात सोडली. दहा मिनिटं पळाली. काठाजवळ आणल्यावर आतेभावाने चिळकांडीखाली हात धरला आणि म्हणाला, "गरम कुठंय, दादा? गारच आहे की."

मी म्हटलं, तोच तर मुद्दा आहे. मग त्याला ईएससीला हात लावायला सांगितलं. कोमट होतं, बस्स.

मोठा पंखा अजून त्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. मी गेलो की तो आधी तिकडे बोट दाखवतो.

तुमच्याकडे असं काही जळालं, तुटलं आणि पुन्हा उभं राहिलं असेल, तर नक्की कळवा. आणि लिपो बॅटरी असलेल्या कुठल्याही वस्तूतून धूर आला, तर लांब राहा. ती आणायला पाण्यात उतरू नका, आणि दुसऱ्या कुणाला उतरू देऊ नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!