चक्रमुद्रित पाने : मुंबई, पाटणा, अलाहाबाद

भारतीय लघुनियतकालिकांचा विचार आजवर बहुधा भाषावार झाला. त्यामुळे या नियतकालिकांना जोडणारा एक साधा दुवा, म्हणजे त्यांची निर्मितिप्रक्रिया, दुर्लक्षित राहिला. मेणकागदावर टंकलेखन करायचे, सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढायच्या आणि त्या ओळखीच्यांत वाटायच्या, एवढाच हा व्यवहार. जाहिराती नाहीत, वर्गणीदार जवळजवळ नाहीत. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर व रमेश समर्थ यांनी मुंबईत १९५४च्या सुमारास सुरू केलेले ‘शब्द’ याच रीतीने निघाले. पुढे रूढ झालेली ‘अनियतकालिक’ ही संज्ञा या व्यवहाराचे नेमके वर्णन करते. पैसे जमले की अंक निघत असे.

पाटण्यात नोव्हेंबर १९६१मध्ये मलय रायचौधुरी यांनी ‘हंग्री जनरेशन’चे पहिले पत्रक काढले. तेथे बंगाली छपाईची सोय नसल्याने ते इंग्रजीत छापावे लागले, हा तपशील तौलनिक अभ्यासकाने विसरू नये. पत्रकावर नेते म्हणून शक्ती चट्टोपाध्याय यांचे नाव होते. एका पानाच्या फुकट कागदावर नाव घालण्याची किंमत काय, हे सप्टेंबर १९६४मधील अटकांनी दाखवून दिले. अश्लीलतेच्या आरोपावरून खटला अखेर एकट्या मलय यांच्यावर चालला आणि शक्ती सरकार पक्षाचे साक्षीदार झाले. डिसेंबर १९६५मध्ये मलय यांना दोनशे रुपये दंड झाला. जुलै १९६७मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. मैत्रीतून जन्मलेल्या पत्रकाची मैत्री मात्र न्यायालयाबाहेर फारशी उरली नाही.

अलाहाबादला १९६५मध्ये विशीही न गाठलेल्या अरविंद कृष्ण मेहरोत्रा व त्यांच्या मित्रांनी ‘डॅम यू’ काढले. न्यूयॉर्कमध्ये एड सँडर्स १९६२पासून काढीत असलेल्या चक्रमुद्रित मासिकावर हे नाव बेतलेले होते. शिवी तेवढी सौम्य केली. यास अनुकरण म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु हिंदीच्या त्या बलिष्ठ केंद्रात इंग्रजी कवितेला प्रकाशक कोठून मिळणार होता?

मराठीत ‘असो’चे संपादक अशोक शहाणे हे बंगालीचे जाणकार व अनुवादक होते. मुंबई आणि कलकत्ता यांमधील ही वाट कोणत्याही विद्यापीठाने आखलेली नव्हती. मेणकागदाच्या प्रती आज ठिसूळ झाल्या असून बहुतेक खासगी संग्रहांत विखुरल्या आहेत. ग्रंथालयांनी त्या नियतकालिक म्हणून सहसा नोंदविल्याच नाहीत.